शॉकअप आणि लोअरिंग स्प्रिंग: पुण्याच्या रस्त्यांवर गाडी घट्टही हवी आणि आरामशीरही, त्यासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी थोडी खाली बसलेली दिसावी, ताम्हिणीच्या वळणांत लोळू नये, आणि मागच्या सीटवर बसलेल्या आईने घरी पोचल्यावर कंबर धरू नये. येणाऱ्या बहुतेक प्रश्नांमागे या तीनच मागण्या असतात, आणि त्या एकमेकींशी भांडतात. खालची उत्तरं मुख्यतः पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेला खांब) आणि मागे टॉर्शन बीम (मागच्या दोन्ही चाकांना जोडणारी आडवी तुळई) असलेल्या हॅचबॅक धरून लिहिली आहेत: पोलो, स्विफ्ट, आय२०, पुंतो वगैरे. तुमची गाडी वेगळ्या घडणीची असेल तर प्र. १७ आधी वाचा.

१. शॉकअप आणि स्प्रिंग एकच ना? आमचा मिस्त्री दोन्हीला ‘शॉकअप’च म्हणतो.

मिस्त्री अख्ख्या जोडणीला शॉकअप म्हणतो, आणि बिलावर ते चालतं. सेटिंग करताना मात्र दोन्ही वेगळे धरायला लागतात. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. गाडी किती उंच उभी राहणार हे तीच ठरवते. शॉकअप वजन जवळजवळ पेलतच नाही. त्याच्या नळीत तेल असतं, ते बारीक वाटांमधून ढकललं जातं आणि स्प्रिंगची उसळी उष्णतेत जिरते. खड्ड्यातून निघाल्यावर गाडी दोन-तीन वेळा डोलत राहिली तर शॉकअपने राजीनामा दिलाय. गाडी एका कोपऱ्यात कायमची खाली बसली असेल तर बहुधा स्प्रिंग थकली किंवा तुटली आहे.

२. आराम आणि स्पोर्टीपणा एकाच वेळी मिळतो का, की एक घ्यायचं आणि दुसरं सोडायचं?

बऱ्यापैकी मिळतो, पण एका मर्यादेपर्यंत. ही मर्यादा आकड्यांत बघितली की समजते. पुढच्या एका चाकावर स्प्रिंगने पेलायचं वजन ३०० किलो धरा आणि स्प्रिंगचा कडकपणा मिलिमीटरला २५ न्यूटन. अशी गाडी सेकंदाला साधारण १.४५ वेळा डोलू पाहते. स्प्रिंग २० टक्के कडक केली तर हा आकडा १.५९ होतो, ५० टक्के केली तर १.७८. एक ते दीडच्या आसपास माणसाला बरं वाटतं. दोनकडे सरकलात की रस्त्यावरचं प्रत्येक गटाराचं झाकण ओळखू यायला लागतं.

यातली चांगली बातमी अशी की २० टक्के कडकपणा वाढवूनही डोलण्याचा वेग फक्त दहा टक्क्यांच्या आसपास वाढतो. म्हणजे सौम्य स्प्रिंगने आराम फारसा जात नाही. जातो तो दोन ठिकाणी: जुळत नसलेल्या शॉकअपमध्ये (प्र. ३), आणि गाडी गरजेपेक्षा जास्त खाली उतरवल्यामुळे (प्र. ४). लोक दोष मात्र स्प्रिंगच्या कडकपणाला देतात.

३. फक्त स्प्रिंगा बदलल्या आणि शॉकअप कंपनीचेच ठेवले तर चालेल का? खर्च निम्मा होतो.

मीही हेच केलं होतं. ७०,००० किमी चाललेले मूळ शॉकअप, त्यावर ३५ मिमी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा. पहिला आठवडा झकास. गाडी दिसायची छान आणि वळणात बसायचीही छान. मग लक्षात आलं की पुलाच्या सांध्यावरून गेल्यावर मागचं अंग उगीचच उसळतंय. चौथ्या महिन्यात मागचा डावा शॉकअप तेलाने ओला झाला, पाठोपाठ उजवा. ज्या गॅरेजमध्ये काम केलं तिथे विचारलं तर उत्तर मिळालं, ‘साहेब, लो केल्यावर असंच होतं.’ काम करण्याआधी हे त्यांनी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

कारण साधं आहे. स्प्रिंग कडक झाली की तिची उसळीही जोरदार होते, ती आवरायला शॉकअपमध्ये जास्त दम लागतो. शिवाय गाडी खाली बसली म्हणजे शॉकअपचा दांडा कायम जास्त आत गेलेला असतो आणि बंप स्टॉपवर, म्हणजे दांड्यावरच्या त्या रबरी किंवा फोमच्या ठोकळ्यावर, वारंवार आदळतो. अर्धं आयुष्य संपलेला शॉकअप हे फार दिवस सहन करत नाही.

अपवाद आहे. शॉकअप तुलनेने नवे, २०,००० किमीच्या आतले, आणि स्प्रिंग २० मिमीच्या आसपास उतरवणारी असेल तर मूळ शॉकअपवर काही काळ समाधानाने चालवता येतं. दोन्ही एकदम परवडत नसतील तर आधी शॉकअप घ्या, मूळ स्प्रिंगांवर बसवा. निम्मा फरक तिथेच जाणवेल. बदलताना एका ॲक्सलचे दोन्ही बदला. एक नवा आणि एक जुना अशी जोडी लावू नका.

४. पुण्यात गाडी किती मिलिमीटर खाली घेतलेली चालते?

माझं उत्तर: २० ते २५. तीसला मी नाक मुरडतो, चाळीसला नमस्कार करतो. लोकांना हे भित्रेपणाचं वाटतं, म्हणून गणित मांडतो.

चाक वर येण्यासाठी बंप स्टॉपच्या आधी ७० मिमी जागा आहे असं समजा. गाडी ३० मिमी उतरवली की उरली ४०. खड्ड्याचा दणका जिरवण्याची स्प्रिंगची ताकद या जागेच्या वर्गाने बदलते. ४० भागिले ७०, त्याचा वर्ग केला तर येतो सुमारे ०.३३. म्हणजे तोच दणका जिरवायला स्प्रिंग तिप्पट कडक लागेल. कुठलाही शहाणा उत्पादक रस्त्यावरच्या गाडीला तिप्पट कडक स्प्रिंग देत नाही, वीस-तीस टक्क्यांवर थांबतो. उरलेलं काम शॉकअपवर आणि बंप स्टॉपवर येतं, आणि तुम्हाला ते ‘धाड’ असं ऐकू येतं. ‘लोअरिंग स्प्रिंगा फार कडक आहेत’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बऱ्याच गाड्यांत खरं तर जागा संपलेली असते आणि गाडी बंप स्टॉपवर चालत असते.

आता गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ मध्ये दिलेला प्रमाण गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, वर्तुळाची त्रिज्या १७ मीटर. पोलोच्या दोन ॲक्सलमधलं अंतर सुमारे २.४७ मीटर. पुढची चाकं उतरणीवर आणि मागची चढावर असताना त्या उंचवट्याचा माथा चाकांच्या रेषेपेक्षा फक्त ४५ मिमी वर येतो. म्हणजे जमिनीपासून पोट १६५ मिमी उंच असलेली गाडी ३० मिमी उतरवली तरी प्रमाण गतिरोधकावर पोट घासायचं कारणच नाही.

घासतं, कारण आपल्या सोसायटीतला गतिरोधक आयआरसीने नाही, कमिटीच्या चेअरमनने आखलेला असतो: हातभर रुंद आणि वीतभर उंच. तो पूर्णच्या पूर्ण दोन चाकांच्या मध्ये मावतो. तेव्हा स्प्रिंगा मागवायच्या आधी घरच्या पार्किंगचा उतार, ऑफिसचं बेसमेंट आणि रोजच्या रस्त्यावरचा सर्वांत दुष्ट गतिरोधक, या तीन ठिकाणी चार माणसं बसवून गाडी न्या आणि पोटाखाली किती बोटं उरतात ते कोणाला तरी बाहेरून बघायला सांगा.

५. कोणते शॉकअप घेऊ? ॲडजस्टेबलच हवेत का?

गरजेचं नाही. बिलस्टीनच्या बी ६ आणि बी ८ ला नॉब नसतो. व्हॉल्व्ह कारखान्यातच ठरवून दिलेले असतात. बी ६ मूळ उंचीच्या गाडीसाठी, तर बी ८ लोअरिंग स्प्रिंगसाठी मुद्दाम आखूड केलेला. बी १२ म्हणजे बी ८ शॉकअप आणि आयबाखच्या स्प्रिंगा असा तयार जोड. ज्यांना पाना हातात घ्यायची हौस नाही त्यांनी असा जोड घेऊन विषय संपवावा. आयबाखमध्येही प्रो-किट सौम्य आणि स्पोर्टलाइन जास्त खाली बसणारी. पुण्यासाठी पहिली.

कोनीचे पिवळे स्पोर्ट शॉकअप ॲडजस्ट होतात, पण फक्त रिबाउंड (प्र. ६). काही मॉडेलांना वर नॉब असतो, काही गाडीतून काढून, पूर्ण दाबून, फिरवावे लागतात. दुसऱ्या प्रकारचे घेतले तर दर वेळी निम्मी गाडी उघडावी लागणार, हे घेण्याआधी विचारून घ्या.

कॉइलओव्हर म्हणजे उंची आणि बहुधा डँपिंगही (उसळी आवरायचा जोर) बदलता येणारा पूर्ण स्ट्रट. चांगला कॉइलओव्हर मस्तच. स्वस्तातला मात्र चांगल्या साध्या शॉकअपपेक्षा हमखास वाईट, त्याच्या नॉबला ३२ क्लिक (टप्पे) आहेत असं लिहिलेलं असलं तरी. अनेकदा त्यातले पहिले दहा सारखेच लागतात आणि शेवटचे दहा दगडासारखे. आणखी एक गोष्ट: दोन पावसाळे चिखल खाल्ला की आटे आणि कॉलर (उंची बदलायची, स्प्रिंगखालची फिरती रिंग) जाम होतात. वर्षातून दोनदा धुऊन, ब्रश मारून, वंगण लावायची तयारी नसेल तर कॉइलओव्हर घेऊ नका.

चाकणला गॅब्रिएलचा कारखाना आहे, मूळ दर्जाचे शॉकअप सहज मिळतात. गाडी लो न करता फक्त पहिल्यासारखी चालवायची असेल तर नाना पेठेत खात्रीच्या दुकानातून पक्क्या बिलावर तेच घ्या, परदेशी डब्याच्या मागे लागू नका.

६. नॉब फिरवल्यावर नेमकं काय बदलतं?

बहुतेक एका नॉबच्या शॉकअपमध्ये मुख्यतः रिबाउंड बदलतो. दाबली गेलेली स्प्रिंग परत उघडते, ती किती सावकाश उघडावी हे रिबाउंड ठरवतो. दणका लागताना चाक वर जातं तेव्हाचा विरोध म्हणजे कॉम्प्रेशन. काही कॉइलओव्हरमध्ये एकच नॉब दोन्ही थोडं थोडं बदलतो, दोन नॉब असतील तर वेगवेगळं. हे माहीत नसताना लोक खड्ड्याचा दणका कमी करायला रिबाउंडचा नॉब फिरवत बसतात आणि काहीच बदलत नाही म्हणून वैतागतात.

घड्याळाच्या दिशेने फिरवलं की कडक, उलट फिरवलं की मऊ, हा सर्वसाधारण नियम. मोजायचं कुठून, हे मात्र उत्पादकावर आहे. बरेच कॉइलओव्हरवाले पूर्ण कडकपासून मागे क्लिक मोजतात, कोनीवाले पूर्ण मऊपासून पुढे. मित्राने ‘बारावर ठेव’ सांगितलं तर कुठून बारा, हे आधी विचारा. टोकाला अडलं की जोर लावू नका, आतली सुई बिघडते.

७. घरच्या घरी सेटिंग कसं करायचं? कुठून सुरुवात करू?

वही, पेन, टायरची हवा मोजायचं मीटर आणि एक ठरलेला रस्ता. चौथी गोष्ट म्हणजे रविवारची सकाळ.

मी पौड रोडवरून चांदणी चौक, तिथून भूगाव आणि पिरंगुटपर्यंत जातो आणि परत येतो. या पट्ट्यात तुटका डांबर, गतिरोधक, पुलाचे सांधे, चढ आणि लांब वळणं असं सगळं मिळतं. तुम्ही कात्रजचा जुना घाट घ्या किंवा दिवे घाट, पण एकदा घेतला की तोच ठेवा. रस्ता बदलला तर तुलना होत नाही. सहा वाजता निघालात तर दूधवाल्यांशिवाय कोणी नसतं. वेग कायद्यातला पुरतो. शॉकअपची चूक साठच्या वेगालाही कळते.

सुरुवात थंड टायरमध्ये दरवाज्यावरच्या स्टिकरइतकी हवा भरून. मग चारही शॉकअप पूर्ण मऊ. फेरी मारा आणि गाडी किती वाईट चालते ते नीट अनुभवा. पुलाच्या सांध्यानंतर नाक वर येतं, खाली जातं, पुन्हा वर येतं. हे डोलणं ओळखता आलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं अंदाजपंचे.

आता चारही बाजूंनी सारखं वाढवा: क्लिक असतील तर दोन-दोन, कोनीसारखा असेल तर पाव फेरा. तीच फेरी. डोलणं कमी झालं? पुन्हा वाढवा. एका टप्प्यावर गाडी सांध्यानंतर एकदा वर येते आणि गपकन स्थिर होते. तिथे थांबा, वहीत लिहा. मग मुद्दाम आणखी दोन टप्पे पुढे जा. हे फार जण करत नाहीत, पण जास्त झालं म्हणजे काय होतं हे अनुभवल्याशिवाय बरोबर कुठे होतं ते पक्कं होत नाही.

जास्त रिबाउंडची खूण फसवी आहे. सलग तीन-चार खड्डे आले की स्प्रिंगला पूर्ण उघडायला वेळच मिळत नाही. गाडी प्रत्येक खड्ड्याला थोडी थोडी खाली रुतत जाते आणि चौथ्याला बंप स्टॉपवर आपटते. चालवणाऱ्याला वाटतं ‘अजून मऊ पडतेय, कडक करू’, आणि तो नॉब नेमक्या चुकीच्या दिशेने फिरवतो. पहिला खड्डा बरा आणि चौथा वाईट असेल तर रिबाउंड कमी करा. पहिलाच खड्डा वाईट असेल तर कॉम्प्रेशन, हवा किंवा उरलेली जागा (प्र. ४) बघा.

शेवटी वहीतल्या चांगल्या आकड्यावरून अर्धा टप्पा मऊकडे या आणि घरच्यांना मागे बसवून एक फेरी मारा. त्यांना काही विचारू नका. ते स्वतःहून बोललेच, तर अजून एक टप्पा मऊ.

८. पुढचं आणि मागचं सेटिंग सारखंच ठेवायचं का?

सुरुवात सारखी, शेवट बहुधा वेगळा. या सगळ्या गाड्यांत इंजिन पुढे असल्याने वजन पुढे जास्त, मागचं अंग हलकं. माणसं नसताना मागे तेवढंच डँपिंग ठेवलं की मागचं अंग टणाटण उडतं. म्हणून मागे एक-दोन टप्पे मऊ.

ज्यांना वळणात गाडी बाहेर ओढली जाते असं वाटतं, ते मागचं कडक करतात. गाडी वळायला तत्पर होतेही, पण पावसात त्याच तत्परतेने मागचं अंग सुटतं. जून ते सप्टेंबर मी मागचे दोन क्लिक परत काढतो. ओल्या खंबाटकीच्या उतारावर प्रयोग नकोत.

९. हवेचा दाब किती ठेवू?

स्टिकरवर आहे तेवढाच. पंपावरचा मुलगा विचारतो ‘पस्तीस भरू?’ आणि आपण मान हलवतो; स्टिकर ३० म्हणत असेल तर ती पाच पीएसआय म्हणजे स्वतःहून घेतलेला कडकपणा. मोठी रिम आणि बुटका टायर टाकला असेल तरीही तेच: बाजूची भिंत कमी झाली की तिथे जिरणारा दणका थेट शॉकअपवर येतो. १७ इंची रिम टाकून ‘सस्पेन्शन कडक लागतंय’ म्हणणाऱ्याने आधी रिमकडे बघावं.

१०. मूळ स्प्रिंगचा एक वेढा कापून मिळतो, स्वस्तात. करू का?

नका. वेढे कमी झाल्याने स्प्रिंग थोडी कडक होते हे खरं, पण किती, हे कापणाऱ्याला माहीत नसतं. कापलेलं टोक खालच्या बशीत नीट बसत नाही आणि चाक लोंबकळलं की स्प्रिंग जागेवरून फिरते. गॅसने तापवून बसवलेली स्प्रिंग त्याहून वाईट, कारण पोलादाला दिलेलं पाणीच उतरतं. एखाद्या खड्ड्यात ती तुटली की टोक थेट टायरमध्ये जातं.

११. लोअरिंग स्प्रिंगमध्ये रबरी बफर टाकला तर घासणं थांबेल का?

बफर दोन वेढ्यांमध्ये अडकून गाडी वर उचलतो आणि स्प्रिंगचा तेवढा भाग निकामी करून तिला कडक करतो. पैसे देऊन खाली बसवायची आणि पुन्हा पैसे देऊन वर उचलायची, वर कडकपणा फुकट. घासत असेल तर कमी उतरवणारी स्प्रिंग घ्या.

१२. फिटिंग करताना मिस्त्रीला काय काय बजावू?

सर्वांत महत्त्वाचं: खालच्या आर्मचे आणि मागच्या बीमचे बुशवाले बोल्ट गाडी वर लटकत असताना शेवटचे घट्ट करू नका. चाकं जमिनीवर आल्यावर, किंवा हबखाली (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) जॅक देऊन गाडी बसते त्या उंचीवर आणून, मगच टॉर्क पान्याने घट्ट करा. बुशचं रबर दोन्हीकडे चिकटलेलं असतं. लटकत्या अवस्थेत आवळलं की गाडी खाली येताच ते कायमचं पिळलं जातं, स्वतःच स्प्रिंगसारखं वागतं, आणि वर्षभरात फाटतं. नव्या स्प्रिंगा ‘विचित्र कडक’ लागण्याचं हे फार मोठं कारण आहे, आणि दुरुस्ती दहा मिनिटांची: बोल्ट सैल करा, गाडी हलवा, पुन्हा आवळा.

दुसरं, शॉकअपच्या वरच्या नटावर हवेची गन चालवू नका आणि चकचकीत दांडा पक्कडीत धरू नका. एक ओरखडा पडला की सील कापत राहतो आणि गळती सुरू होते.

तिसरं, स्प्रिंग दाबायचा कॉम्प्रेसर चांगला हवा, नसेल तर गॅरेज बदला. दाबलेली स्प्रिंग सुटली की माणूस मरू शकतो.

स्ट्रट उघडलाच आहे तर वरचं माउंट, बेअरिंग, धूळकव्हर आणि बंप स्टॉप त्याच वेळी बदला. पुन्हा उघडायची मजुरी या भागांपेक्षा जास्त पडते. बंप स्टॉप कापायला सांगितलं असेल तर स्प्रिंगच्या कागदावर दिलाय तेवढाच कापा, पूर्ण काढून टाकू नका. आणि पोलोसारख्या गाड्यांत काही बोल्ट एकदाच वापरायचे असतात, ते नवे आणून ठेवा.

१३. अलाइनमेंट लगेच करायची की नंतर?

दोनदा. पहिली गाडी बाहेर काढताच, कारण उंची बदलली की टो (वरून बघताना चाकांचा आत-बाहेर कल) हमखास बदलतो आणि टायर कडेने खरवडले जातात. दुसरी साधारण ५०० किमीनंतर, स्प्रिंगा बसल्यावर. फिटिंगआधी आणि नंतर हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीपर्यंतचं अंतर चारही बाजूंनी मोजून वहीत लिहा. डाव्या-उजव्यात पाचेक मिमीपेक्षा जास्त फरक आला तर स्प्रिंग बशीत नीट बसलेली नाही.

२०-२५ मिमीला कँबर (समोरून बघताना चाकाचा कल) थोडा निगेटिव्ह होतो, म्हणजे चाक वरून आत झुकतं, तो राहू द्या. मागच्या टॉर्शन बीमला ॲडजस्टमेंट नसते. तरीही ‘मागचीही केली’ म्हणून पैसे लावले तर हसून नकार द्या. आणि हेडलाइटचा झोत नक्की तपासा. फक्त पुढचं किंवा फक्त मागचं अंग उतरवलं असेल तर तो हमखास बिघडतो.

१४. सगळं नवीन टाकलं आणि आता पुढून टक-टक आवाज येतो.

हळू वेगात खराब रस्त्यावर येत असेल तर स्टॅबिलायझर लिंक (गाडीचं लोळणं आवरणाऱ्या दांड्याची जोडकडी) किंवा वरचा नट सैल. पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवताना ‘टंग’ असा आवाज आला तर स्प्रिंग बशीत अडकून सुटतेय, म्हणजे बेअरिंग किंवा बशीची जागा चुकली. गाडी जॅकवर घेतल्यावर स्प्रिंग हाताने हलत असेल तर लांब शॉकअपवर आखूड स्प्रिंग बसली आहे. ती गाडी चालवू नका; आखूड शॉकअप लागतील (प्र. ५).

१५. गणपतीला पाच जण आणि डिकी भरून कोकणात जातो. तेव्हा काय?

लोअरिंग स्प्रिंगची खरी परीक्षा ही, घाटातली वळणं नव्हेत. मागे तीन माणसं आणि सामान म्हणजे दोनशे-अडीचशे किलो, तेही उरलेल्या चाळीस मिमीवर. स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी वेगळा दाब दिलेला असतो, मागे तेवढी हवा भरा. मागचा रिबाउंड दोन टप्पे वाढवा, कारण वजन वाढलं की उसळीही वाढते. सामान शक्य तितकं पुढे. ताम्हिणीत खड्डा दिसला तर ब्रेक खड्ड्याच्या आधी सोडा, ब्रेक दाबलेला असताना पुढची उरलीसुरली जागाही संपलेली असते.

हे दर महिन्याला होत असेल, किंवा डिकीत सीएनजीची टाकी असेल, तर मागच्या मूळ स्प्रिंगा ठेवा आणि फक्त शॉकअप बदला. मागून गाडी बोटभर उंच दिसेल. दिसू द्या.

१६. कॉइलओव्हरवर प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक होते ना? बाइकला तर होते.

बाइकलाही होत नाही, उंची वाढते. प्र. २ मधलीच गाडी घ्या: ३०० किलोने ती स्प्रिंग ११८ मिमी दबते. तुम्ही कॉलर फिरवून आधीच १० मिमी दाबून ठेवली तर गाडी जमिनीवर आल्यावरही एकूण ११८च दबणार, फक्त गाडी १० मिमी वर उभी राहील. कडकपणा तोच. बदलते ती जागेची वाटणी: चाक वर जायला जास्त, खाली लोंबायला कमी.

इथे एक अपवाद. खालचा बुंधा वेगळा फिरणाऱ्या कॉइलओव्हरमध्ये उंची तिथून बदलायची, स्प्रिंगच्या कॉलरला हात लावायचा नाही. 

१७. माझ्या गाडीत इलेक्ट्रॉनिक शॉकअप किंवा काचेवर कॅमेरा आहे. नियम तेच?

नाही. इलेक्ट्रॉनिक शॉकअप काढले तर डॅशवर दिवा पेटतो, त्यांना जुळणाऱ्याच स्प्रिंगा लागतात. लेन ओळखणारा कॅमेरा किंवा रडार असेल तर उंची बदलल्यावर तो पुन्हा कॅलिब्रेट करायला हवा. मागे टॉर्शन बीमऐवजी मल्टिलिंक (प्रत्येक चाकाला वेगळे आर्म) असेल तर मागचीही अलाइनमेंट खरोखर करता येते, आणि करावीच लागते.

१८. आरटीओ आणि विम्याचं काय?

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ म्हणतं, नोंदणीतले तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये नियमबाह्य बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. दुकानात मिळतं म्हणजे रस्त्यावर चालतं, असा अर्थ काढू नका. विमा कंपनीला बदल लेखी कळवा, दाव्याच्या वेळी सर्व्हेअरने शोधून काढण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. वॉरंटीतल्या गाडीला सस्पेन्शनच्या भागांवर पाणी सोडावं लागेल.

‘एआरएआय तर आपल्या कोथरूडच्या टेकडीवरच आहे, तिथून स्प्रिंग पास करून आणू का?’ असंही विचारतात. एआरएआय ही वाहनं तपासणारी संस्था; तिथलं प्रमाणीकरण उत्पादकांसाठी असतं, आपल्या एकट्या गाडीवर शिक्का मारून मिळत नाही.

१९. गाडी विकायची आहे, परत मूळ स्प्रिंगा टाकायच्यात. काय लक्षात ठेवू?

काढलेले भाग फेकले नसतील तर अर्धं काम झालं. मूळ स्प्रिंगांबरोबर मूळ लांबीचे बंप स्टॉप आणि धूळकव्हरही परत लागतात. कापलेले बंप स्टॉप मूळ स्प्रिंगवर ठेवले तर चाक गरजेपेक्षा वर जातं आणि टायर मडगार्डच्या आतल्या कव्हरला घासतो. आखूड शॉकअपवर मूळ लांब स्प्रिंग बसवू नका, ती पुरती उघडतच नाही आणि लहानशा खड्ड्यातही चाक लोंबताना ‘ठक’ होतं. बुश आणि अलाइनमेंटचे नियम तेच (प्र. १२, १३).

स्प्रिंगा ठेवताना प्रत्येकीला चिठ्ठी बांधा: पुढची डावी, पुढची उजवी. काही गाड्यांत दोन बाजूंच्या स्प्रिंगा वेगळ्या असतात, आणि त्यांची ओळख वेढ्यावर कारखान्यात मारलेल्या रंगाच्या ठिपक्यांवरून पटते. गंज दिसला म्हणून त्यावर काळा रंग फासू नका.